डोमेन नावांची दुर्हेतुक नोंदणी

दुसऱ्याच्या नाममुद्रेचा किंवा लौकिकाचा गैरफायदा घेण्याच्या हेतूने डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा ‘example.com’सारखा पत्ता, स्वतःकडे नोंदवून घेणे. या प्रकाराला ‘सायबरस्क्वॉटिंग’ असेही म्हणतात. बहुतेक डोमेन नावे जो आधी मागेल त्याला मिळतात आणि त्या नावावर त्याचा काही हक्क आहे का, हे नोंदणीच्या वेळी सहसा कोणी पाहत नाही. सगळ्या दुखण्याचे मूळ इथेच आहे.

१९९० च्या दशकात नामांकित कंपन्यांची नावे आधीच अडवायची आणि मग त्यांनाच चढ्या भावाने विकायची, असा धंदा चाले. पुढे जाहिरातींच्या उत्पन्नासाठी टायपिंगच्या चुकांवर डोळा ठेवून नावे घेतली जाऊ लागली. नोंदवलेले नाव पाच दिवसांत परत केल्यास पैसे परत मिळत. या सवलतीचा फायदा घेऊन लाखो नावे नुसती चाचपून सोडून दिली जात. आयकॅन या नियामक संस्थेने २००८-०९ मध्ये अशा परताव्यावर मर्यादा घातली, तेव्हा हा प्रकार जवळजवळ थांबला.

आज रोख थेट फसवणुकीकडे आहे. रोमन लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे शेजारी आली की मोबाइलच्या पडद्यावर ती ‘एम’सारखी दिसतात. रशियनसाठी वापरल्या जाणाऱ्या सिरिलिक लिपीतला ‘अ’ तर रोमन ‘ए’पासून डोळ्यांनी वेगळा ओळखताच येत नाही. अशा नावावर हुबेहूब लॉगिन पान उभे केले की सावध माणूसही पासवर्ड देऊन बसतो. त्यात त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. काही ठिकाणी संकेतस्थळ नसतेच. त्या नावाचा केवळ ईमेल पत्ता वापरून खोटी बिले पाठवली जातात. २०१३ नंतर नावाच्या शेवटी लागणारे (‘.com’सारखे) शेकडो नवे प्रत्यय खुले झाले, त्यांतली काही अगदी स्वस्त, आणि २०१८ पासून युरोपातील खासगीपणाच्या कायद्यामुळे नोंदणीधारकाचे तपशील बहुधा झाकलेले असतात.

तंटे सोडवण्यासाठी १९९९ मध्ये ‘यूडीआरपी’ ही लवादासारखी पद्धत आली. हे तंटे हाताळणाऱ्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे २००० साली १,८५७ तक्रारी आल्या होत्या. २०२३ मध्ये ६,१९२ आल्या. नाव गोंधळात टाकण्याइतके सारखे आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही आणि नोंदणी व वापर दोन्ही दुर्हेतूने झाले, हे तिन्ही मुद्दे तक्रारदारालाच सिद्ध करावे लागतात. एप्रिल २०२४ पासून फिशिंग (खोट्या पानावरून पासवर्ड वगैरे काढून घेणे) वा मालवेअरचा (घातक सॉफ्टवेअरचा) पुरावा मिळाल्यास कारवाई करणे आयकॅनच्या करारानुसार नोंदणीकारांना, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपन्यांना, बंधनकारक आहे. यूडीआरपीत मात्र नाव रद्द होते किंवा तक्रारदाराकडे येते, एवढेच. नुकसानभरपाई मिळत नाही. शिवाय एक अक्षर बदलून नवे नाव घ्यायला त्याच भामट्याला काही मिनिटे पुरतात.