पार्श्वभूमी : केऑटिक पोकळीतली तूट कुणाच्या खाती?

खुल्या केऑटिक पोकळ्यांचं, म्हणजे ज्यांत तरंग भिंतींवर आदळत वेड्यावाकड्या वाटांनी फिरतात आणि अँटेनासारख्या दारांतून आत-बाहेर होतात अशा डब्यांचं, गणित अणुकेंद्रकाच्या अभ्यासातून आलं. १९३६ची संयुक्त केंद्रकाची (आदळलेला कण मिसळून तयार होणाऱ्या केंद्रकाची) कल्पना, १९५०च्या दशकातल्या यादृच्छिक मॅट्रिक्स (दैवाने भरलेल्या आकड्यांच्या सारण्या), आणि १९८५मध्ये सुट्या व मिसळलेल्या अशा दोन्ही अनुनादांना (ज्या कंप्रतांना प्रतिसाद उसळतो त्यांना) लागू पडणारं नेमकं सूत्र.

खरा पेच १९९०नंतर, सपाट मायक्रोवेव्ह पोकळ्यांनी आणला. उंची ८ मिलिमीटर ठेवली की १८.७ गिगाहर्ट्झपर्यंत आतल्या तरंगाचं समीकरण द्विमितीय क्वांटम बिलियर्डचंच, म्हणजे बंदिस्त सपाट जागेत फिरणाऱ्या क्वांटम कणाचंच, होतं. केंद्रकाच्या प्रयोगांत फक्त काटछेद (अभिक्रिया किती संभवते याचा आकडा) मिळायचा. इथे प्रकीर्णन मॅट्रिक्सचा (एका दारातून आलेला तरंग कुठल्या दारातून किती बाहेर पडतो या सारणीचा) प्रत्येक घटक कलेसकट, म्हणजे तरंग आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यासकट, हाती येतो. पण मूळ सूत्रात आत गेलेलं सगळं बाहेर येतं, तर तांब्याच्या पोकळीत परावर्तन आणि पारगमन यांची बेरीज १ होत नाही; काही ऊर्जा भिंतींत मुरते.

क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर असेल, तर १० गिगाहर्ट्झला दोन अनुनादांत सरासरी १४ मेगाहर्ट्झ अंतर पडतं. क्यू (अनुनाद ऊर्जा किती टिकवतो याचा आकडा) ५,००० असला तर प्रत्येकाची रुंदी २ मेगाहर्ट्झ. तो १,०००वर घसरला की १०, आणि शिखरं ओळखू येत नाहीत.

ही तूट सगळ्या अनुनादांना सारखी वाटून टाकायची, की असंख्य दुबळ्या काल्पनिक वाहिन्यांतून (बाहेर पडायच्या वाटांतून) बाहेर गेली असं धरायचं? वाहिन्या अनंत केल्या की दोन्ही हिशेब एकच. वादाचा मुद्दा ‘सारखी’ हा आहे. वरच्या-खालच्या पत्र्यांतली हानी जवळपास सारखीच असते. कडेच्या भिंतीतली मात्र प्रत्येक अनुनादाचं क्षेत्र कडेला कसं पडतं त्यावर ठरते. त्यामुळे रुंद्यांत जादा चढउतार शिरतात आणि अँटेनाच्या नावावर चढतात. एकच शोषणाचा आकडा जुळवून ‘सिद्धांत पटला’ म्हणणं म्हणूनच घाईचं ठरतं.

अँटेनाची जोडणी स्वतंत्रपणे, परावर्तनाची कलेसकट सरासरी काढून तपासावी. १ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ७० अनुनाद येतात, तेवढे पुरतात. मात्र टेफ्लॉन केबलचे १० सेंटिमीटर जरी हिशेबातून सुटले, तरी या पट्ट्यात कला जवळपास पूर्ण फेरी मारते, सरासरी शून्याकडे जाते आणि कमकुवत अँटेना पूर्ण जुळलेला (थेट काहीच परत न पाठवणारा) दिसतो. अतिवाहक नायोबियमच्या पोकळीत भिंतींची हानी जवळपास संपते. पण केबल थंडीत आकसते, तेव्हा खोलीच्या तापमानाचं कॅलिब्रेशन तिथे चालत नाही.

२०१०नंतर शोषण मुद्दाम हवंसं झालं : येणारा तरंग नेमका घडवून तो पूर्ण गिळायला लावणं. २०१९मध्ये अव्यवस्थित तरंगवाहकात हे साधलं ते मध्यभागी बसवलेल्या एकाच शोषक अँटेनाने. तिथे ‘सारखी तूट’ धरून गणितच मांडता येत नाही.