क्रूसेड युद्धांवरील भूगोलाचा प्रभाव

पोप दुसरा अर्बन याने १०९५ मध्ये केलेल्या आवाहनापासून १२९१ मध्ये ख्रिस्तींच्या ताब्यातील अक्का हे बंदर पडेपर्यंत पूर्व भूमध्य प्रदेशात ख्रिस्ती आणि मुस्लिम सत्तांमध्ये जी युद्धे झाली, ती क्रूसेड म्हणून ओळखली जातात. त्यांच्या वर्णनांत श्रद्धा आणि शौर्य यांनाच जास्त जागा मिळते. प्रत्यक्षात मात्र अनेक मोहिमांचा निकाल पाण्याने आणि वाटांनी लावला.

येथील किनारपट्टी अरुंद आहे. तिच्या पूर्वेला डोंगररांगा, त्यापलीकडे जॉर्डनची खचदरी आणि मग वाळवंट. युरोपातून माणसे आणि रसद समुद्रमार्गे येत असल्याने क्रूसेडकरांची सत्ता बंदरांच्या आधाराने टिकली. आतल्या भागातील दमास्कस व अलेप्पो ही शहरे त्यांना कधीच जिंकता आली नाहीत. होम्सजवळच्या खिंडीतून किनाऱ्याकडे येणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी क्राक दे शेव्हालिए हा बळकट किल्ला होता.

भूगोलाचा सर्वांत कठोर प्रत्यय हत्तीन येथे आला. जुलै ११८७ मध्ये क्रूसेडकरांच्या जेरूसलेम राज्याचा राजा गी याचे सैन्य सफ्फुरिया येथे भरपूर पाण्याच्या झऱ्यांपाशी तळ देऊन होते. इजिप्त व सीरियाचा सुलतान सलाहुद्दीनने गॅलिलीच्या सरोवराकाठच्या तिबेरियासला वेढा घातला. खुद्द आपली पत्नी त्या वेढ्यात अडकलेली असूनही क्रूसेडकरांचा सरदार, त्रिपोलीचा रेमंड याने पाणी सोडून पुढे न जाण्याचा सल्ला दिला. तो शहाणपणाचा होता, पण राजाने अखेर ऐकला नाही. ३ जुलैला सैन्य निघाले. ऐन उन्हाळा, अंगावर चिलखते, वाटेत तुरआनचा अपुरा झरा आणि पिछाडीवर घोडेस्वार तिरंदाजांचा सतत मारा. रात्र निर्जल पठारावर काढावी लागली. सलाहुद्दीनच्या तळाला मात्र पाण्याचा पुरवठा होता. सकाळी त्याच्या सैनिकांनी वाळलेले गवत पेटवले आणि धूर तहानलेल्यांच्या तोंडावर आला. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली असलेल्या गॅलिलीच्या सरोवराकडे जाण्याची वाट शत्रूने अडवली होती. हत्तीनच्या जोडशिखरांवर उरलेले सैन्य शरण आले. २ ऑक्टोबरला जेरूसलेमही गेले.

सूर (टायर) हे बंदर-शहर मात्र वाचले. समुद्रात शिरलेल्या भूभागावर वसलेल्या या शहराला जमिनीकडून एकच अरुंद वाट होती. ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याने अक्काहून याफाकडे जाताना समुद्राचा काठ सोडला नाही. शेजारून आरमार रसद पुरवत होते. वाटेत अरसूफची लढाई त्याने जिंकली. किनारा सोडून डोंगरात शिरल्यावर मात्र जेरूसलेमच्या जवळ पोहोचूनही तो दोनदा माघारी फिरला. शहर घेतले तरी समुद्रापासून तुटल्यावर राखता येणार नाही, हा त्याच्या सरदारांचा अंदाज बरोबरच म्हणावा लागेल.

इजिप्तमध्ये प्रश्न उलटा होता. नाईलच्या मुखाजवळचे दमिएत्ता हे बंदर जिंकलेले पाचव्या क्रूसेडचे सैन्य १२२१ मध्ये नाईलच्या पुराच्या तोंडावर मन्सूराकडे निघाले. सुलतान अल-कामिलने बांध आणि कालवे फोडून पाणी सोडले, चिखलात सैन्य अडकले आणि सुटकेच्या बदल्यात दमिएत्ता परत करावे लागले.