कंबाईनच्या सीटवरचा माणूस : थोडी पार्श्वभूमी

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढणीला आलं की गावात दोनच प्रश्न असतात, हार्वेस्टर कधी येणार आणि एकराला किती घेणार. ते चालवणारा कुठून आलाय, याआधी कुठली मशीन चालवत होता, दिवसभर त्या सीटवर बसून त्याचं काय होतं हे कुणी विचारत नाही. आणि कंबाईनचा इतिहास वाचायला घ्या, तिथेही सगळं हॉर्सपॉवर आणि टनाचंच. म्हणून हे सगळं सीटवरच्या माणसाच्या बाजूने लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, मशीन बनवणाऱ्यांनी दाण्याचा विचार पहिल्या दिवसापासून केला, चालवणाऱ्याचा विचार व्हायला शंभर वर्षांच्या वर गेली आणि आपल्याकडे तर तो अजून अर्धाच झालाय.

कापणी आणि मळणी एकाच मशीनमध्ये एकत्र केली म्हणून ते कंबाईन. अमेरिकेत मिशिगनमधल्या हायरम मूरने १८३६ मध्ये पेटंट घेतलं, पण जोरात वापर सुरू झाला तो १८८० नंतर कॅलिफोर्नियात, तिथल्या कोरड्या हवेत गहू उभाच वाळायचा म्हणून. तेव्हा इंजिन नव्हतं, एका कंबाईनला तीस-चाळीस खेचरं जुंपलेली असायची. हाकणाऱ्याची सीट म्हणजे मशीनमधून पुढे जनावरांच्या वर काढलेली एक शिडी आणि तिच्या टोकाला बसायची जागा. एवढ्या लांबच्या खेचराला चाबूक कसा पोचणार, म्हणून हा माणूस शेजारी दगड-ढेकळांची पेटी ठेवायचा आणि जे जनावर ढिलं पडेल त्याला नेम धरून मारायचा. त्याच्याशिवाय एक जण कापणीचा पट्टा वरखाली करणारा, एक मळणीकडे बघणारा, एक पोती शिवणारा, म्हणजे चार-पाच माणसं एका मशीनवर, आणि सगळी धुळीत.

नंतर ट्रॅक्टर आला, कंबाईन त्याच्या मागे ओढली जायला लागली आणि माणसं दोनवर आली. ऑस्ट्रेलियात हेडली टेलरने १९२४ मध्ये स्वतःच्या इंजिनवर चालणारी मशीन काढली होती, पण मोठा फरक पडला तो कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीच्या २१ नंबरच्या मॉडेलने, १९४१ च्या सुमाराला. ते डिझाईन टॉम कॅरोल नावाच्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरचं. ड्रायव्हर वर पुढे बसणार, पट्टा त्याच्या डोळ्यासमोर, सगळं एकट्याच्या हातात. महायुद्ध चालू होतं, पोलाद रेशनवर, माणसं आघाडीवर, तरी कंपनीने सरकारकडून जादा ५०० मशीनपुरतं पोलाद मिळवलं आणि १९४४ मध्ये त्या ५०० कंबाईन दक्षिणेकडून उत्तरेकडे गहू पिकेल तशा कापत गेल्या, टेक्सासकडून सुरुवात आणि शेवट पार कॅनडाच्या सीमेजवळ. त्या एका हंगामात दहा लाख एकरांवर कापणी झाली. पिकाच्या मागे फिरणारा कंबाईन ड्रायव्हर ही जमात तिथे पक्की झाली ती तेव्हापासून.

युरोपात वेगळी तऱ्हा होती. जर्मनीच्या क्लास कंपनीने १९३६ मध्ये आपली पहिली कंबाईन आणली, आणि युद्धानंतरही बरीच वर्षं तिकडे धान्याची टाकी नसलेल्या, पोतं भरणाऱ्या कंबाईन चालल्या. मशीनच्या बाजूला फळीवर माणूस उभा, धान्य पोत्यात पडतंय, भरलं की तोंड बांधायचं आणि घसरगुंडीवरून शेतात सोडून द्यायचं. इंग्लंडमध्ये गव्हाचं हे पोतं जवळजवळ ११४ किलोचं असायचं, आणि ती शेतात पडलेली पोती संध्याकाळी उचलायला पुन्हा मजूरच. टाकीवाली मशीन आली तेव्हा खरी सुटका कुणाची झाली असेल तर या लोकांच्या पाठीची झाली.

बंद केबिन मात्र खूप उशिरा आली. १९६० नंतर हळूहळू, आधी जादा पैसे देऊन आणि मग सर्रास. त्याआधीचे ड्रायव्हर उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून. वारा मागून असला की मशीनचं सगळं भुसकट पुढे येऊन अंगावरच. १९७५ ला न्यू हॉलंड कंपनीची टीआर ७० आणि १९७७ ला इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची ॲक्सियल-फ्लो आली, त्यात मागे काड हलवणारे वॉकर काढून फिरता रोटर टाकला, आणि इथे जुन्या हातांची पंचाईत झाली कारण जुना ड्रायव्हर मशीन कानाने चालवायचा. मळणीचा ड्रम जड झाला की आवाज बदलतो, बेल्ट घसरला की वेगळा, चाळणी भरली की वेगळा, आणि नवीन मशीनचे आवाज त्याला शून्यापासून शिकावे लागले. पुढे केबिन बंद झाली, दाणा कुठे सांडतोय ते सेन्सर सांगायला लागला, आणि हे कानाचं ज्ञान तिकडे हळूहळू मागे पडलं.

आपल्याकडे मात्र ते अजून चालू आहे.

भारतात मोठ्या प्रमाणावर कंबाईन दिसली ती राजस्थानात सुरतगडला, १९५६ मध्ये सोव्हिएत रशियाने भेट दिलेल्या मशीनवर सरकारी शेती सुरू झाली तेव्हा. पण शेतकऱ्यापर्यंत आधी पोचला तो थ्रेशर, हरित क्रांतीच्या काळात, आपण ज्याला मळणी यंत्र किंवा मोठ्याला हडंबा म्हणतो तो. त्यात पेंढ्या हाताने सारायच्या, आणि किती मजुरांचे हात त्यात गेले. शेवटी १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, नुकसानभरपाईच्या तरतुदीसकट. कंबाईनबद्दल बोलताना हे विसरू नये, कारण तिने मजुराचं काम घेतलं हे खरंच पण हात यंत्राच्या तोंडात द्यायचं ते कामही तिनेच संपवलं.

१९८० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सने स्वराज ८१०० आणली, देशात बनलेली, स्वतःच्या इंजिनवर चालणारी पहिली कंबाईन. मग नाभा, भादसों, बर्नाला, मालेरकोटला या गावांमधून कारखाने उभे राहिले, प्रीत, करतार, स्टँडर्ड, दशमेश ही नावं आज विदर्भातलं शाळकरी पोरगंही मशीनच्या रंगावरून ओळखतं. साधारण १४ फुटी कटर बार, बऱ्याच जणांत अशोक लेलँडचं शंभरेक हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि चालवायला उघडा मंच, वर पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छत. इंजिन जवळच. कारखान्यात ८ तासाला ९० डेसिबलची मर्यादा असते, इथे १४ तास चालवणाऱ्याच्या कानाशी काय चाललंय ते मोजायला कुणी येत नाही. पण ही मशीन एक गोष्ट फार चांगली करते, ती रानात उघडता येते. बेल्ट, साखळ्या, बेअरिंग, चाकूची पाती, सगळं स्पॅनर आणि वेल्डिंगवर निघतं, आणि पंजाबी ड्रायव्हर हा निम्मा मिस्त्रीच असतो.

यांचा मार्ग पण टेक्सासवाल्यांसारखाच. गहू आपल्याकडे आणि मध्य प्रदेशात आधी येतो, मार्चमध्ये, मग तो कापत कापत वर सरकायचं आणि बैसाखीला घरच्या शेतात. खरिपात सोयाबीन आणि धान. हेडर, म्हणजे पुढचा कापणीचा भाग, सोडवून मागे ट्रॉलीवर बांधायचं आणि तशा संथ मशीनने शेकडो किलोमीटर रस्ता काटायचा, झोप रानातच, रोट्या तिथेच. नांदेडला हजूर साहिब गुरुद्वारा असल्याने मराठवाड्याला पंजाबी माणूस नवा नव्हता, तरी खळ्याच्या गावात पहिली कंबाईन आली तेव्हा लोक बघायला जमायचे हे आमच्या भागातल्या कुणालाही विचारा. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हीच मंडळी ऐन हंगामात परराज्यात अडकली, आणि महिनाअखेर केंद्राने कापणीच्या मशीनना राज्यांच्या सीमा ओलांडायची सूट दिली.

गव्हावर शिकलेल्या ड्रायव्हरला आपलं सोयाबीन सुरुवातीला जड गेलं. शेंग पार जमिनीलगत असते, पट्टा खाली घ्यावा लागतो, आणि आपल्या मुरमाड रानात दगड आला की पातं गेलंच. सकाळी दव असलं तर शेंग चिवट, फुटत नाही, भर दुपारी कडक झाली तर हेडरलाच तडकते. ऑक्टोबरात पाऊस झाला की काळ्या रानात चाक रुततं. आणि सगळ्यात महत्त्वाचं ड्रमचा वेग, गव्हाला जोरात लागतो, तोच सोयाबीनला ठेवला तर दाण्याची सरळ डाळ होते. म्हणून ड्रम मंद करा, खालची जाळी ढिली करा, तासभर चालवून टाकीतला दाणा हातावर घेऊन बघा. धानाला तर ड्रमच वेगळा लागतो, खुंट्यांचा, आणि चिखलासाठी चाकांऐवजी चेन. क्लासची क्रॉप टायगर दक्षिणेत त्यावरच गाजली, आणि आता भंडारा-गोंदियाच्या बांध्यांमध्ये पण चेनवाल्या मशीन उतरतात.

गेल्या काही वर्षांत आपली पोरं मालक झालीत, यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून नाहीतर कर्ज काढून. त्यातली बरीच आधी सरदारजींच्या मशीनवर हेल्पर होती, ग्रीस मारता मारता शिकली. रीतसर ट्रेनिंग हवं तर मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे, पण तिथपर्यंत जाणारा विरळा. एसी केबिन पण आता मिळते, ज्याने एकदा तिच्यात बसून मार्चचा हंगाम काढला तो परत उघड्या मंचावर बसायला तयार होत नाही. मालक म्हणतात खर्च कशाला. मला वाटतं हा खर्च मशीनच्या किंमतीतच धरायला हवा.

राहिला दराचा प्रश्न. मजुरी एकरावर असते, त्यामुळे ड्रायव्हरला घाई, आणि घाई म्हणजे ड्रम जोरात. ज्यांना घरचं बियाणं ठेवायचंय त्यांनी तेवढा तुकडा वेगळा सांगावा, ओलावा १३-१४ टक्क्यांवर आला की काढावा आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ३५०-४०० च्या वर जाऊ देऊ नयेत. मशीन रानात शिरायच्या आधीच ड्रायव्हरशी हे बोलून घ्या, त्याचा जादा वेळ जाणार त्याचे पैसे आधीच ठरवा, मग तो नीट काढून देतो.