न्यूट्रिनो पकडायचे तर आधी द्रव जमला पाहिजे

न्यूट्रिनोच्या, म्हणजे जवळपास सगळ्यातून आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या बातम्यांमध्ये भुयारं आणि मोठमोठ्या टाक्यांचे फोटो असतात, पण टाकीत भरलेल्या द्रवाबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि मला तर सगळ्यात भारी काम तेच वाटतं.

चीनमधल्या जूनो या न्यूट्रिनो प्रयोगाचंच बघा, जमिनीखाली 700 मीटरवर 35.4 मीटर व्यासाचा अ‍ॅक्रिलिकचा गोळा आणि त्यात 20 हजार टन लिक्विड सिंटिलेटर, म्हणजे कण आतून गेला की चमकणारा द्रव. ऑगस्ट 2025 पासून तिथे डेटा घेणं सुरू आहे. द्रव म्हणजे मुख्यतः लॅब, लिनिअर अल्किल बेंझीन, डिटर्जंटच्या कारखान्यात लागतं तेच. त्यात पीपीओ आणि बिस-एमएसबी ही प्रकाश सोडणारी दोन रसायनं, लिटरमागे 2.5 ग्रॅम पीपीओ आणि जेमतेम 3 मिलिग्रॅम बिस-एमएसबी. चार्ज असलेला कण आतून गेला की लॅबचे रेणू ऊर्जा घेतात, ती पीपीओला देतात, पीपीओमधून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश निघतो आणि बिस-एमएसबी तो शोषून निळा करून सोडतो, कारण अल्ट्राव्हायोलेट द्रवातच जिरून जातो पण निळा प्रकाश कडेच्या फोटोट्यूबपर्यंत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांपर्यंत पोचतो.

आता अणुभट्टीतून आलेला अँटिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) द्रवातल्या प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि न्यूट्रॉन तयार होतात. पॉझिट्रॉनची चमक लगेच दिसते, न्यूट्रॉन मात्र भटकत भटकत साधारण 200 मायक्रोसेकंदांनी हायड्रोजनला चिकटतो आणि तेव्हा दुसरी चमक येते. ही जोडी दिसली तरच खरं. 1956 मध्ये राइनेस आणि कोवन यांनी न्यूट्रिनो शोधला तोही अशाच जोडीवरून.

द्रवात गॅडोलिनियम हा धातू घातला तर न्यूट्रॉन 30 मायक्रोसेकंदांच्या आसपासच पकडला जातो आणि चमकही जास्त जोरदार. पण हा धातू तेलात सहजासहजी विरघळत नाही, त्याला सेंद्रिय आम्लाच्या रेणूंनी वेढून आत न्यावं लागतं, आणि रसायन जरा चुकलं की द्रव हळूहळू गढूळ होतो. फ्रान्समधल्या शो (Chooz) प्रयोगात गॅडोलिनियमच्या द्रवाची पारदर्शकता अशीच कमी होत गेली होती. पुढे चीनमधल्या दाया बे प्रयोगाने लिनिअर अल्किल बेंझीनमध्ये टिकणारं मिश्रण वापरलं आणि 2012 मध्ये थीटा-13, म्हणजे न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्यात कसे बदलतात ते ठरवणारा एक कोन, मोजून दाखवला.

स्वच्छतेचं तर विचारूच नका. अ‍ॅल्युमिनातून गाळणं, डिस्टिलेशन, पाण्याने धुणं, नायट्रोजन फिरवून विरघळलेले वायू काढणं, एवढं सगळं युरेनियम, थोरियम, रेडॉनचा मागमूस घालवायला, कारण हे किरणोत्सारी असल्याने त्यांच्याही चमका दिसतात. कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन मात्र यातल्या कशानेच जात नाही, कारण तो रेणूचाच भाग असतो, म्हणून कच्चा माल पेट्रोलियमचा घेतात, कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिल्यामुळे त्यातला जवळपास सगळा कार्बन-14 संपलेला असतो. तरी जो थोडा उरतो त्याच्यामुळे इटलीतल्या बोरेक्सिनो या न्यूट्रिनो प्रयोगालाही सगळ्यात कमी ऊर्जेचे सिग्नल सोडून द्यावे लागले.