नावांच्या जागी प्रश्नचिन्हं: यादी पाठवण्याआधी एवढं वाचा

ओळखपत्रं, सभासद कार्डं, पत्त्याची लेबलं छापायला घेताना आम्ही एक्सेलची यादी मागतो. दर हंगामात त्यातल्या काही याद्यांत नावाच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं येतात. आम्ही कळवलं की उत्तर ठरलेलं असतं: 'आमच्या कॉम्प्युटरवर तर मराठी नीट दिसतंय.' दिसतच असणार, आणि घोळ तिथेच होतो.

'सेव्ह ॲज'मध्ये 'सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड' (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) हा प्रकार निवडला की एक्सेल विंडोजची जुनी अक्षरसूची वापरतो. आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरांवर तिच्यात २५६ जागा असतात, त्याही इंग्रजी आणि युरोपीय अक्षरांसाठी. देवनागरीला त्यात एकही जागा नाही, उर्दू-कन्नडलाही नाही. जे अक्षर बसत नाही तिथे एक्सेल प्रश्नचिन्ह लिहितो. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणं, सगळं स्वतंत्र मोजलं जातं. त्यामुळे 'सविता', 'कविता' आणि 'संतोष' या तिघांचीही पाच-पाच प्रश्नचिन्हं होतात, 'ज्ञानेश्वर'ची दहा. पाच प्रश्नचिन्हांवरून सविता की संतोष हे कुणीच सांगू शकत नाही. फॉन्ट बदलून उपयोग नाही, कारण फाइलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलेलं असतं.

सेव्ह झाल्यावरही उघड्या पडद्यावर नावं जशीच्या तशी दिसत राहतात. एक्सेल इशारा देतो, पण तो काही सुविधा जातील एवढाच. अक्षरं जातील असं त्यात म्हटलेलं नसतं. फाइल बंद करून पुन्हा उघडली की मगच खरं चित्र दिसतं. म्हणून चूक लक्षात आली आणि फाइल अजून उघडी असेल, तर ती बंद करू नका. तिथूनच पुन्हा 'सेव्ह ॲज' करून 'एक्सेल वर्कबुक' निवडा. सगळी नावं वाचतील.

पाठवताना खरं तर सीएसव्ही करूच नका. मूळ एक्सएलएसएक्स फाइल (म्हणजे नेहमीची 'एक्सेल वर्कबुक') द्या, पुढचं आम्ही बघतो. जुनी '९७-२००३'ची एक्सएलएस फाइलही चालते. तिच्यात मराठी टिकतं, फक्त एका शीटवर ६५,५३६ ओळींची मर्यादा असते. त्याहून जुना '५.०/९५' प्रकार मात्र नको. दुसऱ्या कुणाला सीएसव्हीच हवी असेल, तर एक्सेल २०१६ आणि पुढच्या आवृत्त्यांत 'सीएसव्ही यूटीएफ-८' (ज्यात मराठीसकट सगळ्या लिप्या बसतात) वेगळं दिलेलं असतं, ते घ्या. जुन्या एक्सेलमध्ये 'युनिकोड टेक्स्ट' निवडा. गूगल शीट्समधून उतरवलेली सीएसव्ही यूटीएफ-८च असते.

प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी 'ए' ओळीने पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर घाबरू नका. ती फाइल शाबूत आहे, फक्त उघडली चुकीच्या पद्धतीने. डबल क्लिक न करता कोऱ्या शीटवर 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१ युनिकोड यूटीएफ-८' निवडा. पण त्या विचित्र अक्षरांतच दुरुस्त्या करून सेव्ह करू नका; तशा फाइलमधून बहुतेक नावं परत मिळतात, तरी काही वेळा हलंत (पाय मोडल्याची खूण) गळतो आणि 'ज्ञानेश्वर'चं भलतंच काहीतरी होतं.

श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या याद्या हा निराळा प्रकार. तिथे आत इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी रूप फॉन्टमुळे दिसतं. अशी यादी पाठवताना फॉन्टचं नाव जरूर कळवा. आमच्याकडे छपाई असेल तर युनिकोडमध्ये (फॉन्टवर अवलंबून नसलेल्या मराठीत) बदलून देण्याचे वेगळे पैसे घेत नाही, आणि बदललेली यादी तुम्हाला परतही देतो. पुढच्या वर्षी तीच वापरता येते.

जाता जाता आकड्यांचं. बारा आकडी नंबर साध्या रकान्यात टाकला की एक्सेल तो मधे 'ई' घालून आखडून दाखवतो, आणि सीएसव्हीत तसाच आखडलेला जातो. नंबर भरण्याआधीच रकाना 'टेक्स्ट' करून घ्या.

'प्रश्नचिन्हांच्या जागी नावं तुम्हीच भरून घ्या' असंही सांगितलं जातं. छापील हजेरीपटावरून नावं टाइप करून देतो, पण त्याचे पैसे लागतात आणि दोन-तीन दिवस जास्त जातात. अंदाजाने मात्र एकही नाव भरत नाही. मुलाच्या गळ्यात वर्षभर चुकीचं नाव लटकण्यापेक्षा कार्ड दोन दिवस उशिरा गेलेलं बरं. प्रूफवर तुमची सही आल्याशिवाय मशीन सुरू करत नाही, तेही याचसाठी.

शंका असेल तर आधी पाच-दहा नावांचीच फाइल पाठवून बघा. ती तपासायला आम्ही काही घेत नाही.