मेंदूच्या धमन्या आकसतात तेव्हा: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीला फुगवटा येतो, त्याला ॲन्युरिझम म्हणतात. एके दिवशी तो फुटतो. समजा रुग्ण वाचला, शस्त्रक्रियेत फुगवटा बंद करणारी क्लिप बसली, शुद्धीवर येऊन तो घरच्यांशी बोलूही लागला. मग सातव्या-आठव्या दिवशी तो गुंगीत जातो, एक हात उचलेनासा होतो. सीटी स्कॅन करावा तर नवा रक्तस्राव नाही. झालेलं असतं ते वेगळंच. सांडलेल्या रक्ताच्या संगतीत राहून मोठ्या धमन्या आकसलेल्या असतात आणि पुढच्या भागाला रक्त पुरत नाही. हा व्हॅसोस्पाझम, म्हणजे धमनीचा पेटका. तो खरंच असतो का, आणि रुग्ण बिघडतो तो त्यानेच का, हाच तो जुना वाद. धोका तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक, दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. इतकं ठरलेलं वेळापत्रक असलेली ही गोष्ट १९५१पर्यंत जिवंत माणसात कुणी नीट दाखवून दिली नव्हती. उलट जिथे ती नव्हती, तिथे मात्र डॉक्टरांना ती सर्रास दिसत होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुणाची दहा मिनिटं वाचा गेली आणि परत आली, किंवा हात लुळा पडून तासाभरात सावरला, की निदान ठरलेलं असे: मेंदूच्या धमनीला पेटका आला. शवविच्छेदनात धमनी मोकळी सापडली तरी बिघडत नसे, कारण पेटका मरणानंतर सुटतो असं म्हणायला वाव होता. ज्या कल्पनेला पुरावा लागत नाही आणि जी खोडूनही काढता येत नाही, ती फार काळ टिकते. तिच्यावर उपचारही चालत. मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीत भूल देणारं इंजेक्शन टोचून धमन्या सैल करण्याचा प्रयत्न होई.

या कल्पनेला मोठा धक्का दिला तो मॉन्ट्रियलमध्ये काम करणाऱ्या मिलर फिशर या डॉक्टरने. पक्षाघाताच्या एका रुग्णाने त्याला सांगितलं, की लकवा येण्याआधी त्याला अधूनमधून एका डोळ्याने दिसेनासं होई, आणि तेही लकव्याच्या विरुद्ध बाजूच्या डोळ्याने. मेंदूची एक बाजू शरीराची विरुद्ध बाजू चालवते. म्हणजे तो डोळा आणि बिघडलेली मेंदूची बाजू एकाच अंगाला, आणि दोघांना रक्त पुरवणारी धमनी एकच, मानेतली कॅरोटिड. शवविच्छेदनात तेव्हा मान उघडून पाहण्याची पद्धत नव्हती. फिशरने ती पाहिली. धमनी आतून चरबीच्या थराने बुजलेली होती. १९५१ साली त्याने हे प्रसिद्ध केलं आणि क्षणिक झटक्यांमागचा पेटका हळूहळू पाठ्यपुस्तकांतून बाहेर पडला.

गंमत अशी, की त्याच १९५१ साली अमेरिकेतल्या सिराक्यूज शहरात आर्थर एकर आणि पॉल रीमेनश्नायडर यांनी खऱ्याखुऱ्या आकसलेल्या धमन्यांच्या एक्स-रे प्रतिमा छापल्या. फुटलेल्या फुगवट्याच्या शेजारच्या धमन्या दोऱ्यासारख्या बारीक झाल्या होत्या, आणि दिवस उलटले की पुन्हा रुंदावत होत्या. हे शक्य झालं ते लिस्बनच्या एगास मोनिझमुळे. मेंदूच्या धमन्यांत एक्स-रेमध्ये दिसणारं द्रव्य सोडण्याची पद्धत, म्हणजे अँजिओग्राफी, त्याने १९२७ साली आणली होती. (मोनिझला नोबेल मिळालं, पण यासाठी नाही. मेंदूचे धागे कापून मनोरुग्ण बरे करण्याच्या ज्या शस्त्रक्रियेसाठी ते मिळालं, तिचं नाव आज कुणी अभिमानाने घेत नाही.)

तरीही शंका उरलीच. एक्स-रेमध्ये धमनी बारीक दिसते म्हणून रुग्ण बिघडतो, हे कशावरून? कित्येकांच्या धमन्या बारीक दिसत आणि माणूस ठणठणीत असे. शस्त्रक्रिया कधी करावी याचा घोळही यातूनच झाला. लवकर उघडावं तर सुजलेल्या मेंदूत हात घालायचा आणि पेटका वाढण्याची भीती, दोन आठवडे थांबावं तर तेवढ्यात फुगवटा पुन्हा फुटून रुग्ण दगावण्याची.

इथे फिशर पुन्हा येतो, आता बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून. सीटी स्कॅन नुकता रुळला होता. १९८० साली त्याने आणि सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांचे पहिल्या दिवसांतले स्कॅन पाहिले. जिथे रक्ताच्या जाड गाठी किंवा थर साचले होते अशा २४ जणांपैकी २३ जणांच्या धमन्या पुढे गंभीरपणे आकसल्या. रक्त पातळ पसरलेलं किंवा दिसतच नसलेलं असेल, तर तसं क्वचितच घडलं. म्हणजे पेटका कुणाला येणार आणि कोणत्या धमनीला, याचा अंदाज आधीच बांधता येऊ लागला. ज्याने एक पेटका पुसून टाकला त्यानेच दुसरा पक्का केला. एवढा प्रामाणिक माणूस कुठल्याही शास्त्रात विरळाच.

मग औषधांची पाळी. स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं, तेव्हा पेशीत शिरणारं कॅल्शियम अडवलं तर धमनी सैल पडेल, हा निमोडिपिनमागचा विचार. १९८९च्या ब्रिटिश चाचणीत ५५४ रुग्ण होते. दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, सलग २१ दिवस. मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. औषध चाललं, पण विचार चालला नाही: निमोडिपिन घेतलेल्यांच्या धमन्या अँजिओग्राफीत फारशा रुंदावलेल्या दिसत नाहीत. ते नेमकं कुठे काम करतं यावर अजून वाद आहे.

उलटा धडा क्लाझोसेंटान या औषधाने दिला. १९८८ साली जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी एंडोथेलिन शोधलं, रक्तवाहिनीच्या अस्तरातून निघणारा आणि तिलाच जबरदस्त आकसवणारा पदार्थ. त्याला अडवणारं हे औषध. २००८च्या चाचणीत मोठ्या मात्रेने मध्यम ते गंभीर पेटक्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आणलं. पण २०११च्या मोठ्या चाचणीत रुग्णांची शेवटची अवस्था काही सुधारली नाही. एका औषधाने धमनी तशीच ठेवून माणूस सावरला, दुसऱ्याने धमनी सावरली पण माणूस तिथेच. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात मोठा कलाटणीचा क्षण हाच, शस्त्रक्रियांच्या शोधांहूनही मोठा.

२०१०च्या सुमारास तज्ज्ञांनी म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या मोजायचं ठरवलं: प्रतिमेत दिसणारा पेटका आणि उशिरा होणारी मेंदूची उपासमार. मेंदूभर हळूहळू पसरत जाणारी विद्युत-शांततेची लाटही आता संशयितांत आहे. ती १९४४ साली ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआओने सशांच्या मेंदूत नोंदवली होती.

पेटक्याच्या या खात्यात एक चुलतभाऊही आहे. अचानक वीज पडावी तशी डोकेदुखी, फुगवटा नाही, पण धमन्या जागोजागी आवळलेल्या, आणि साधारण तीन महिन्यांत पूर्ववत. १९८८ साली कॉल, फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. लेखकांच्या यादीत फिशर आहेच. याआधी असे रुग्ण धमन्यांचा दाह समजून स्टेरॉइडवर ठेवले जात, आणि स्टेरॉइडने त्यांचं नुकसानच होऊ शकतं असं आज मानलं जातं.

क्लाझोसेंटानला जपानने जानेवारी २०२२मध्ये परवानगी दिली. पुढच्याच वर्षी अमेरिका-युरोपसह इतर देशांत झालेल्या चाचणीचा निकाल आला, तो नकारात्मक.