हीथ्रो ते पॅरिस : हिशेबाने २६ मिनिटं

लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा शार्ल द गोल या दोन विमानतळांमधलं अंतर सरळ रेषेत सुमारे ३४७ किलोमीटर भरतं. (पृथ्वी गोल असल्यामुळे ही ‘सरळ’ रेषा खरं तर कंस असते, पण एवढ्या छोट्या टप्प्यात सपाट नकाशावर पट्टी ठेवली तरी उत्तर फारसं चुकत नाही.) जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर २६ मिनिटांत पोचायला हवं. वेळापत्रकात मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडी जास्तच वेळ दिलेली असते. मग उरलेला पाऊण तास जातो कुठे?

पहिली गोष्ट वाऱ्याची. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं, कारण समोरून येणारा वारा पंखांना आयता मिळतो आणि धावपट्टी कमी लागते. लंडनमध्ये बहुतेक दिवस वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून हीथ्रोवरून उडालेली विमानं आधी पश्चिमेला जातात. पॅरिस तर आग्नेयेला! म्हणजे मोठं वळण घेणं आलंच. त्यात १०,००० फुटांखाली सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर ही वेगमर्यादा असते.

उतरण्याचा हिशेब मला सगळ्यात सुंदर वाटतो. वैमानिकांचा ठोकताळा असा : दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल. विमान २४,००० फुटांवर असेल, तर ७२ सागरी मैल, म्हणजे १३० किलोमीटरहून जास्त अंतर निव्वळ उतरण्यात जातं. एकूण वाटेच्या एक तृतीयांशाहून अधिक! चढण संपते न संपते तोच उतार सुरू होतो. तो ८०० चा वेग मिळतो जेमतेम काही मिनिटं.

शिवाय वेळापत्रकातली वेळ ही उड्डाणाची वेळ नसतेच. ती ‘ब्लॉक टाइम’ असते : चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतची. धावपट्टीपर्यंतचं रांगत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. हीथ्रोला धावपट्ट्या फक्त दोन, आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाणं-अवतरणांची मर्यादा जवळजवळ पूर्ण भरलेली असते. परत येताना तर बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन किंवा ऑकम या ठरलेल्या जागांवर आकाशात घिरट्या घालत वाट पाहावी लागू शकते.

तिकिटावरच्या वेळा पाहून मात्र अनेकांची गफलत होते. समजा, विमान लंडनहून १०:०० ला निघालं आणि प्रवास एक तास वीस मिनिटांचा आहे. पॅरिसला ते १२:२० ला पोचेल. तिथून १३:२० ला निघालेलं विमान लंडनला १३:४० ला! जाताना दोन तास वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं. हा फरक वाऱ्याचा नाही, पृथ्वीच्या फिरण्याचाही नाही. फ्रान्सचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे आहे, एवढंच.

सूर्याला विचारलं तर तो फक्त १२ मिनिटं सांगेल. दोन विमानतळांच्या रेखांशांत तीन अंशांचा फरक आहे, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं. १९११ मध्ये फ्रान्सने ग्रिनिचची वेळ स्वीकारली होती. कायद्यात ग्रिनिचचं नाव न घेता ‘पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे’ असं लिहून. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं आणि शहराची घड्याळं बर्लिनच्या वेळेवर गेली. युद्ध संपलं, सैन्य गेलं, बर्लिनची वेळ मात्र राहिली. आजही उन्हाळ्यात पॅरिसच्या आकाशात सूर्य सर्वांत उंच येतो, तेव्हा घड्याळात दुपारचे दोन वाजत आलेले असतात.